ट्रॅक्टरचा प्रतिभार

ट्रॅक्टरच्या पुढील बाजूस बसविलेल्या लोडरने माती, खत, वाळू, गवताचे गठ्ठे इ. वजन उचलले असता मागील चाकांवरील भार कमी होतो. हा भार भरून काढण्यासाठी व ट्रॅक्टर स्थिर ठेवण्यासाठी त्याच्या मागील बाजूस जे जादा वजन मुद्दाम जोडण्यात येते, त्यास प्रतिभार म्हणतात. काँक्रीटचा ठोकळा, वजनाने भरलेली पेटी, बिडाच्या तबकड्या, टायरमध्ये भरलेला द्रव किंवा मागे अडकविलेले एखादे जड अवजार यांपैकी कोणत्याही रूपात तो असू शकतो. जहाजाच्या तळाशी स्थैर्यासाठी जसे वजन ठेवतात, तसेच हे वजन असते. त्याने यंत्राची शक्ती वाढत नाही, परंतु असलेली शक्ती सुरक्षितपणे वापरता येते. मोठ्या ट्रॅक्टरांपेक्षा १५ ते ४० अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरांना प्रतिभाराची गरज अधिक भासते. याचे कारण ट्रॅक्टरच्या सव्वाशे वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासात आहे. या काळात ट्रॅक्टर क्रमाक्रमाने हलका होत गेला आणि प्रत्येक टप्प्यावर कमी केलेल्या वजनाचा काही भाग योग्य जागी पुन्हा ठेवावा लागला. ही योग्य जागा ओळखण्यास लागलेल्या विलंबाची किंमत अनेक चालकांना प्राणांनी मोजावी लागली.

तत्त्व : लोडर जोडलेला ट्रॅक्टर ही एक तरफ मानता येते. पुढील आस हा तिचा टेकू असतो. टेकूच्या पुढे बकेट व त्यातील माल यांचे वजन असते, तर टेकूच्या मागे एंजिनाचा काही भाग, दंतचक्रपेटी, मागील आस व चाके यांचे वजन असते. पुढील वजन व त्याचे पुढील आसापासूनचे अंतर यांचा गुणाकार (परिबल) मागील परिबलापेक्षा अधिक झाल्यास मागील चाके जमिनीवरून उचलली जातात. तथापि चाके प्रत्यक्ष उचलली जाण्याच्या बऱ्याच आधी धोका सुरू होतो. बहुसंख्य ट्रॅक्टरांचे ब्रेक केवळ मागील चाकांवर असतात. त्या चाकांवरील भार घटला की जमिनीशी होणारे घर्षण घटते व ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर थांबत नाही. उतारावर हा परिणाम विशेष तीव्र होतो.

दुसरा धोका बाजूला कलंडण्याचा असतो. खाचखळग्यांतून चारही चाके जमिनीला टेकलेली राहावीत म्हणून ट्रॅक्टरची पुढील आस मध्यभागी एका खिळीवर झुलती ठेवलेली असते. त्यामुळे ट्रॅक्टरच्या मुख्य सांगाड्याला खऱ्या अर्थाने तीनच आधार मिळतात : दोन मागील चाके व पुढील खिळ. या तीन बिंदूंनी होणाऱ्या त्रिकोणाच्या आत गुरुत्वमध्याची उभी रेषा पडत असेल, तोपर्यंत ट्रॅक्टर स्थिर असतो. बकेट भरून उचलले की गुरुत्वमध्य एकाच वेळी पुढे व वर सरकतो. पुढे त्रिकोण निमुळता होत गेलेला असल्याने मध्यरेषेपासून कडेपर्यंतचे अंतर कमी होते आणि एक चाक खड्ड्यात गेले तरी यंत्र कलंडू शकते. मागील प्रतिभारामुळे गुरुत्वमध्य पुन्हा मागे, म्हणजे त्रिकोणाच्या रुंद भागाकडे, नेला जातो.

प्रारंभीचा काळ : एकोणिसाव्या शतकात शेतीत वापरली जाणारी बाष्पचलित कर्षण एंजिने अतिशय जड असत. बाष्पित्र, पाणी व कोळसा यांमुळे त्यांचे वजन अनेक टन भरे. अशा यंत्रांना वजन जोडण्याचा प्रश्नच नव्हता. ओल्या जमिनीत ती रुतत व छोटे पूल त्यांच्या भाराने मोडत, हीच मुख्य तक्रार होती. १८९२ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आयोवा राज्यात जॉन फ्रोलिक यांनी पेट्रोल एंजिनावर चालणारा ट्रॅक्टर तयार केला. त्यानंतर त्याच राज्यातील चार्ल्स सिटी येथील हार्ट-पार कंपनीने अंतर्ज्वलन एंजिनाचे ट्रॅक्टर व्यापारी प्रमाणावर बनविले. परंतु हे ट्रॅक्टरही बाष्पचलित यंत्रांच्या वळणावरच घडविलेले होते. १९०७ च्या सुमाराचा हार्ट-पार ३०-६० हा नमुना सु. ९ टन वजनाचा होता. ओढण्याची शक्ती वजनातूनच मिळते, ही समजूत त्या काळी सर्वमान्य होती.

फोर्डसन : या समजुतीला धक्का हेन्री फोर्ड यांच्या फोर्डसन ट्रॅक्टरने दिला. १९१७ मध्ये उत्पादनास प्रारंभ झालेला हा ट्रॅक्टर सु. १,२०० किग्रॅ. वजनाचा होता. त्यात वेगळी चौकट नव्हती. एंजिन, दंतचक्रपेटी व मागील आस यांची बिडाची कवचे एकमेकांना जोडूनच सांगाडा बनविलेला होता. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनामुळे तो स्वस्त झाला आणि १९२८ पर्यंत अमेरिकेत असे सात लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. घोड्यांच्या जोडीवर अवलंबून असणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आलेला हा पहिला ट्रॅक्टर होय.

या हलकेपणाबरोबर एक नवा धोका आला. नांगर दगडाला किंवा मुळाला अडकला व मागील चाके फिरेनाशी झाली की एंजिनाची शक्ती ट्रॅक्टरचा पुढील भाग वर उचलण्यात खर्च होई. मागील आसाभोवती फिरून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा पडे. ही क्रिया क्षणार्धात घडत असल्याने क्लच दाबण्यासही अवसर मिळत नसे. अशा अपघातांबद्दल अमेरिकेतील नियतकालिकांतून टीका होऊ लागली. पुढे फोर्डसनच्या मागील चाकांवर लांब शेपटीचे पत्रे बसविण्यात येऊ लागले. ट्रॅक्टर मागे झुकल्यास ते जमिनीला टेकून उलटण्यास अटकाव करीत. १९२७ मध्ये ई. जी. मॅकिबेन यांनी कृषी अभियांत्रिकीच्या अमेरिकन नियतकालिकात चाकांच्या ट्रॅक्टरच्या गतिकीवर लेखमाला लिहून या प्रश्नाचे गणिती विवेचन केले. ट्रॅक्टरचे स्थैर्य हे चालकाच्या कौशल्यापुरते मर्यादित नसून यंत्ररचनेशी निगडित आहे, ही दृष्टी अशा अभ्यासातून रुजली.

फर्ग्युसन पद्धती : उत्तर आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) यांनी या प्रश्नाचा वेगळ्या दिशेने विचार केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमधील ट्रॅक्टर व नांगर यांची पाहणी करण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने ओढण्याऐवजी तो ट्रॅक्टरचाच अवयव झाला पाहिजे, असे त्यांचे मत बनले. फोर्डसनसाठी त्यांनी एकावर एक असे दोन दांडे असलेली जोडणी तयार केली. नांगर अडकताच वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे व खाली रेटी आणि त्यामुळे पुढील चाके जमिनीवर राहत. यातूनच पुढे खाली दोन व वर एक अशा तीन दांड्यांची जोडणी व द्रवचालित नियंत्रण यांची सुप्रसिद्ध पद्धती विकसित झाली. १९३६ मध्ये फर्ग्युसन-ब्राऊन, १९३९ मध्ये फोर्ड ९एन व १९४६ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे टीई-२० हे ट्रॅक्टर या पद्धतीनुसार बाजारात आले. टीई-२० मालिकेचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर १९५६ पर्यंत तयार झाले.

या पद्धतीचा गाभा असा की, मृत वजन वाहून नेण्याऐवजी काम करणाऱ्या अवजाराचे व मातीचे ओझेच मागील चाकांवर आणावे. त्यामुळे सु. १,१०० किग्रॅ. वजनाचा ट्रॅक्टर त्याहून कितीतरी जड ट्रॅक्टरइतकी नांगरणी करू लागला. हलका ट्रॅक्टर जड कामास अयोग्य असतो, हा समज तिने खोटा ठरविला. मात्र एक मर्यादा तिच्यात गर्भित होती. ही सर्व रचना मागे जोडलेल्या अवजारासाठी होती. ट्रॅक्टरच्या पुढे वजन लटकविले गेले, तर त्याचा तोल राखण्याची कोणतीही तरतूद तीत नव्हती. परंतु तीन दांड्यांच्या या जोडणीनेच पुढे प्रतिभार अडकविण्यास सर्वांत सोयीची जागा मिळवून दिली.

रबरी टायर व द्रव-भारण : १९३२ मध्ये अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने आपला मॉडेल यू हा ट्रॅक्टर फायरस्टोन कंपनीच्या हवा भरलेल्या रबरी टायरांसह विक्रीस आणला. तोपर्यंत ट्रॅक्टरला दाते असलेली पोलादी चाके असत. रबरी टायरांमुळे वेग वाढला, इंधन वाचले व रस्त्यावरून ट्रॅक्टर नेणे सोपे झाले. एका दशकाच्या आत अमेरिकेत पोलादी चाके मागे पडली. परंतु हवा भरलेली चाके पोलादी चाकांपेक्षा हलकी असून जमिनीत दाते रोवून पकड घेण्याचा गुण त्यांच्यात नव्हता, ती घसरत. म्हणून चाकांच्या तबकडीवर बिडाची वजने बोल्टाने आवळण्याची व टायरमध्ये पाणी भरण्याची पद्धत सुरू झाली. थंड प्रदेशांत पाणी गोठते म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड विरघळविण्यात येऊ लागले. त्यामुळे द्रवाचा गोठणबिंदू खाली जातो व घनताही वाढते. नेब्रास्का राज्यात १९२० पासून होत असलेल्या ट्रॅक्टर चाचण्यांच्या अहवालांत ट्रॅक्टरवर किती जादा वजन चढविले होते, याची नोंद होऊ लागली. यावरून जादा वजन ही ट्रॅक्टरच्या कार्यक्षमतेशी संबंधित अशी मोजण्याजोगी राशी मानली जात होती, हे दिसून येते. येथेही हेतू नांगरताना पकड वाढविण्याचा होता. लोडरसाठी तोल राखण्याचा विचार त्यामागे नव्हता.

लोडरचा प्रसार : गोठ्यातील शेणखत काट्याने उचलून गाडीत भरणे हे शेतीतील सर्वांत कष्टाच्या कामांपैकी एक होते. दुसऱ्या महायुद्धात मजुरांची टंचाई निर्माण झाल्यावर ट्रॅक्टरच्या पुढे बसविता येणाऱ्या लोडरला मागणी आली. आरंभीचे लोडर दोर व कप्पी यांवर चालत. १९४०–५० या दशकात द्रवचालित लोडर प्रचारात आले. इंग्लंडमध्ये यूटॉक्सेटर येथे १९४५ मध्ये व्यवसाय सुरू केलेल्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४९ च्या सुमारास फोर्डसन मेजर ट्रॅक्टरला जोडावयाचा लोडर बनविला. अमेरिकेत मॅसॅचूसेट्स राज्यातील वेन-रॉय कंपनीने फोर्ड ८एन ट्रॅक्टरच्या मागे बसणारे द्रवचालित खोदयंत्र १९४८ मध्ये विकले. पुढे लोडर व मागे खोदयंत्र असे एकत्रित यंत्र बॅमफर्ड यांनी १९५३ मध्ये तयार केले. अमेरिकेतील केस कंपनीने १९५७ मध्ये असे यंत्र कारखान्यातूनच पूर्ण जोडून बाजारात आणले.

या जोडयंत्राच्या यशात तोलाचाही वाटा होता. मागील खोदयंत्र खोदण्याचे काम करीत नसतानाही लोडरचा प्रतिभार म्हणून सतत उपयोगी पडते. साध्या शेती-ट्रॅक्टरला लोडर जोडणाऱ्या शेतकऱ्यापाशी मात्र असे काही नसे. त्याने मागे काहीच न अडकविता काम सुरू केल्यास द्रवचालित पंप आपल्या क्षमतेइतके वजन उचलून देई. तेवढे वजन पेलण्यास मागील बाजू समर्थ आहे की नाही, हे त्या यंत्रणेला समजण्याचा मार्ग नव्हता. उचलण्याची क्षमता व तोलण्याची क्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा विसर पडणे हेच अशा बहुतेक अपघातांचे मूळ होय.

छोटे ट्रॅक्टर : हा विसर सर्वाधिक महाग ठरला तो छोट्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत. त्यांचा उगम जपानमधील भातशेतीत आहे. तेथील शेते लहान व चिखलाची असल्याने जड यंत्र रुतते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे प्रथम दुचाकी शक्तिचलित मशागत यंत्रे व नंतर हलके चारचाकी ट्रॅक्टर प्रचारात आले. ओसाका येथील कुबोटा कंपनीने १९६० मध्ये आपला पहिला शेती-ट्रॅक्टर तयार केला. १९६९ मध्ये या कंपनीचा एल-२०० हा सु. २१ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अमेरिकेत विकला जाऊ लागला. त्यानंतरच्या दशकात फोर्ड व जॉन डियर या अमेरिकन कंपन्यांनीही अनुक्रमे शिबाउरा व यानमार या जपानी कारखान्यांकडून छोटे ट्रॅक्टर बनवून घेऊन आपल्या नावाने विकण्यास प्रारंभ केला.

अमेरिकेतील ग्राहक भात पिकविणारा नव्हता. शहराबाहेर काही एकर जागा घेऊन राहणारी कुटुंबे, फळबागा, रोपवाटिका व घोड्यांचे तबेले यांत हे ट्रॅक्टर वापरले जाऊ लागले. या कामांत नांगरणीपेक्षा माती, खडी, खत व बर्फ हलविण्याचे काम अधिक असते. त्यामुळे छोट्या ट्रॅक्टरबरोबर लोडर घेणे ही सर्वसाधारण प्रथा झाली. चिखलात रुतू नये म्हणून मुद्दाम हलके केलेले यंत्र वजन उचलण्याच्या कामास लावले गेले. शिवाय चालविणारा पुष्कळदा शेतीच्या यंत्रांचा पूर्वानुभव नसलेला असे. उत्पादकांच्या सूचना-पुस्तिकांत लोडर वापरताना मागील प्रतिभार आवश्यक असल्याचे नमूद केलेले असते व त्याचे वजनही दिलेले असते. परंतु ट्रॅक्टर व लोडर यांबरोबर प्रतिभाराची पेटी विकत घेतली जातेच असे नाही. तिच्याविना ट्रॅक्टर सुरू होतो, लोडर उचलतो आणि सपाट जमिनीवर काहीही घडत नाही. उणीव प्रथम लक्षात येते ती उतारावर.

भाराचा हिशेब : एका उदाहरणावरून प्रतिभाराचे कार्य स्पष्ट होईल. ट्रॅक्टरचे वजन ८०० किग्रॅ. असून त्यापैकी पुढील आसावर ३६० व मागील आसावर ४४० किग्रॅ. आहे, दोन्ही आसांमधील अंतर १·६ मी. आहे, लोडरचे स्वतःचे वजन २०० किग्रॅ. असून त्याचा गुरुत्वमध्य पुढील आसाच्या ०·६ मी. पुढे आहे, आणि बकेटमधील ३०० किग्रॅ. माल पुढील आसाच्या १·४ मी. पुढे आहे, असे मानू. चालकाचे वजन हिशेबात न धरता लोडरमुळे मागील आसावरील ७५ किग्रॅ. व मालामुळे आणखी सु. २६० किग्रॅ. भार कमी होतो. परिणामी मागील आसावर केवळ सु. १०० किग्रॅ. व पुढील आसावर सु. १,२०० किग्रॅ. भार राहतो. म्हणजे एकूण वजनाचा जेमतेम तेरावा हिस्सा ब्रेक असलेल्या चाकांवर उरतो.

हाच ट्रॅक्टर १० ला १ या उतारावरून तोंड खाली करून जात असेल व बकेट बरेच वर उचलल्याने एकूण गुरुत्वमध्य जमिनीपासून १·३ मी. उंचीवर गेला असेल, तर उरलेला भारही पुढे सरकतो व मागील चाके जमीन सोडू लागतात. बकेट जमिनीलगत ठेवले असता गुरुत्वमध्य ०·९ मी. उंचीवर राहतो व मागील आसावर सु. ३० किग्रॅ. भार शिल्लक राहतो. बकेट खाली ठेवून चालण्याचा नियम का महत्त्वाचा आहे आणि तो एकटा का पुरेसा नाही, हे दोन्ही यावरून दिसून येते.

आता मागील आसाच्या ०·९ मी. मागे ३०० किग्रॅ. वजनाची पेटी अडकविली, तर सपाट जमिनीवर मागील आसावरील भार सु. ५७० किग्रॅ. होतो. पेटीच्या वजनापेक्षा ही वाढ अधिक आहे. कारण मागील आसाच्या मागे लटकणारे वजन पुढील आसावरील सु. १७० किग्रॅ. भारही उचलून मागे आणते. याउलट तेच ३०० किग्रॅ. वजन टायरमधील द्रवाच्या रूपात घातल्यास मागील आसावर सु. ४०० किग्रॅ. भार होतो व पुढील आसावरील भार आहे तसाच १,२०० किग्रॅ. राहतो. पुढील आस, तिची खिळ, बेअरिंगे व सुकाणू यंत्रणा यांवरील ताण केवळ मागे लटकणाऱ्या वजनानेच कमी होतो.

प्रकार : (१) लटकता प्रतिभार : तीन दांड्यांच्या जोडणीला अडकविलेली पोलादी पेटी किंवा काँक्रीटचा ठोकळा हा सर्वांत परिणामकारक प्रकार होय. काँक्रीटची घनता प्रति घ. मी. सु. २,४०० किग्रॅ. असल्याने ५० सेंमी. बाजूच्या घनाकृती ठोकळ्याचे वजन सु. ३०० किग्रॅ. भरते. पेटीत तेवढ्याच घनफळाची कोरडी वाळू भरल्यास वजन सु. २०० किग्रॅ. होते, बिडाचे तुकडे वापरल्यास ते याहून बरेच अधिक असते. सु. २०० लिटरच्या तेलाच्या पिंपात जोडणीच्या खिळा बसवून त्यात काँक्रीट ओतण्याची घरगुती पद्धतही रूढ आहे. काम संपल्यावर हा भार काढून ठेवता येतो, हा त्याचा मोठा फायदा होय. (२) अवजार : जड गवतकापणी यंत्र, जमीन सपाट करणारे पाते किंवा शक्तिचलित मशागत यंत्र मागे जोडलेले असल्यास तेही प्रतिभाराचे काम करते. मात्र लांब अवजार अरुंद जागेत वळताना अडथळा करते. (३) चाकांवरील तबकड्या : बिडाच्या या तबकड्यांनी वजन खालच्या पातळीवर राहते, परंतु त्या चढविणे व उतरविणे कष्टाचे असते. (४) टायरमधील द्रव : टायरचा सु. तीन चतुर्थांश भाग द्रवाने भरतात व उरलेल्या जागेत हवा ठेवतात. गुरुत्वमध्य खाली आल्याने बाजूला कलंडण्याचा धोका कमी होतो. कॅल्शियम क्लोराइडाने लोखंडी रिम गंजते, म्हणून अलीकडे बीट-साखर उद्योगातील उपपदार्थापासून बनविलेला, न गंजविणारा जड द्रवही अमेरिकेत वापरतात. मोटारीतील गोठणरोधी द्रवांपैकी एथिलीन ग्लायकॉल जनावरांना विषारी असल्याने टायर फुटल्यास त्यापासून अपाय होण्याचा संभव असतो. लोडरच्या कामासाठी टायरमधील द्रव व लटकता प्रतिभार या दोहोंचा एकत्र उपयोग करणे श्रेयस्कर ठरते.

मर्यादा : प्रतिभार जितका अधिक तितका चांगला, असे नाही. मागील आस, टायर व उचल-दांडे यांच्या सहनक्षमतेपलीकडे वजन घातल्यास त्यांची मोडतोड होते. अनावश्यक वजनाने माती दाबली जाऊन तिच्यातील हवा व पाणी यांचे वहन मंदावते, तसेच इंधनही अधिक लागते. बकेट रिकामे असताना मागील वजनामुळे चढावर पुढील चाके हलकी होऊन सुकाणूवरील ताबा सुटू शकतो. म्हणून उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत राहणे, लोडरचे काम नसताना वजन उतरविणे व ट्रॅक्टरच्या नाकाशी लावलेली पुढील वजने लोडर बसविण्यापूर्वी काढून टाकणे आवश्यक असते. चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये ती जोडणी चालू ठेवल्यास मागील ब्रेकचा परिणाम दंतचक्रांमार्फत पुढील चाकांपर्यंतही पोहोचतो; उतारावर याचा उपयोग होतो. मात्र त्यामुळे प्रतिभाराची गरज नाहीशी होत नाही.

संरक्षक चौकट : तोल गेल्यावर चालकाचा जीव वाचविण्याचे साधन वेगळे आहे. ट्रॅक्टर उलटल्यास चालकाभोवती सुरक्षित पोकळी राहावी म्हणून बसविण्यात येणारी भक्कम चौकट स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांसाठी १९५९ मध्ये सक्तीची केली व तेथील अशा अपघातांतील मृत्यूंचे प्रमाण पुढे झपाट्याने घटले. अमेरिकेत जॉन डियर कंपनीने १९६६ मध्ये अशी चौकट बाजारात आणली व तिची रचना इतर उत्पादकांनाही वापरू दिली. ब्रिटनमध्ये १९७० पासून नव्या ट्रॅक्टरांना, तर अमेरिकेत ऑक्टोबर १९७६ नंतर तयार झालेल्या व पगारी कामगार चालवीत असलेल्या ट्रॅक्टरांना ती आवश्यक ठरली. चौकट असलेल्या ट्रॅक्टरवर आसनपट्टा बांधणेही गरजेचे असते. अन्यथा चालक पोकळीबाहेर फेकला जाऊन ट्रॅक्टरखाली सापडतो. प्रतिभार अपघात टाळतो, तर चौकट अपघाताचा परिणाम सौम्य करते. एक असल्याने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

भारत : भारतात ट्रॅक्टरनिर्मिती १९६० च्या सुमारास सुरू झाली. मुंबईतील कांदिवली येथील कारखान्याचा प्रारंभ १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियापासून होतो. ही कंपनी पुढे महिंद्र समूहात विलीन झाली. १९९४ पासून हा समूह अमेरिकेत ट्रॅक्टर विकत असून लोडरसह वापरले जाणारे छोटे ट्रॅक्टर हा तेथील त्याच्या व्यवसायाचा एक प्रमुख भाग आहे. बॅमफर्ड यांच्या कंपनीने १९७९ मध्ये हरियाणातील बल्लभगड येथे भारतीय भागीदारीत उत्पादन सुरू केले. पुढे पुण्याजवळ तळेगाव येथेही तिचा कारखाना निघाला. पुढे लोडर व मागे खोदयंत्र असलेले हे यंत्र महाराष्ट्रात इतके परिचित झाले आहे की, 'जेसीबी' हे कंपनीचे आद्याक्षरी नाव मराठीत त्या प्रकारच्या कोणत्याही यंत्राचे सामान्यनाम बनले आहे.

भारतीय शेतकऱ्याला ट्रॅक्टरवर वजन चढविणे नवे नाही. चिखलणी व नांगरणीच्या वेळी मागील टायरमध्ये पाणी भरण्याची पद्धत जुनी आहे. ऊस व इतर मालाने भरलेल्या ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते, म्हणून पुढे वजने लावण्याचीही प्रथा आहे. ट्रॉलीच्या कामात ट्रॅक्टर मागील आसाभोवती मागे झुकतो, तर लोडरच्या कामात तो पुढील आसाभोवती पुढे झुकतो. त्यामुळे पहिल्या कामात तारक ठरणारी पुढील वजने दुसऱ्या कामात घातक ठरतात. फळबागा व द्राक्षबागांतून छोट्या ट्रॅक्टरांचा वापर वाढत असून त्यांना लोडर जोडण्याची सोयही उपलब्ध होत आहे. ट्रॉलीवरून लोडरकडे वळताना वजनाची जागा पुढून मागे बदलणे, हा अशा ट्रॅक्टरच्या सुरक्षित वापरातील सर्वांत कमी खर्चाचा व सर्वांत सहज विसरला जाणारा भाग आहे.